सहा ते साडेआठ : उपनगरातल्या रेकॉर्डिंगचा इतिहास

गेले तीन-चार वीकांत माझा एक उद्योग चालू आहे. क्रेडिट कार्डाएवढा रास्पबेरी पाय, त्याला जोडलेला यूएसबी ट्यूनर, एक टेराबाइटची डिस्क आणि गच्चीवरच्या डिशमधून खाली आणलेली केबल. हा संगणक ठरल्या वेळी जागा होतो, टीव्हीवरचा कार्यक्रम टिपतो आणि डिस्कवर ठेवून देतो. घरच्यांचा प्रश्न एकच, "सगळं मोबाइलवर मिळत असताना हे कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर द्यायचं तर पन्नासेक वर्षं मागे जावं लागतं, आणि तेही डोंबिवलीहून.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, वरळीहून. साधारण त्याच काळात गिरगाव-दादरच्या चाळींतली मराठी कुटुंबं जागेच्या भावामुळे ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे सरकत होती. नोकरी मात्र फोर्टात नाहीतर परळला. बोरीबंदरपासून डोंबिवली ४८ किलोमीटर, म्हणजे फास्ट लोकललाही तासाच्या वर. साडेपाच-सहाला ऑफिस सुटलं की घरात पाऊल पडेपर्यंत साडेसात-आठ वाजलेच. लेडीज डब्यात मटार सोलत येणाऱ्या बायकांचं गणितही हेच.

आता यात दूरदर्शनचं वेळापत्रक घाला. १५ ऑगस्ट १९८२ पासून देशभर एकच राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. रात्री साडेआठच्या सुमारास मुंबई केंद्राचा धागा दिल्लीला जोडला जायचा आणि मग हिंदी-इंग्रजी. मराठी कार्यक्रमांच्या वाट्याला प्रामुख्याने उरली ती संध्याकाळ. म्हणजे ज्या भाषेतलं बघायचं ते सहा ते साडेआठमध्ये, आणि बघणारा त्या वेळी कुर्ला आणि मुंब्र्याच्या मध्ये कुठेतरी दांडीला लोंबकळलेला! टीव्ही घरात, माणूस गाडीत. पुनःप्रक्षेपण झालं तर झालं, नाहीतर गेला तो भाग कायमचा.

यावरचा इलाज तोवर जगात आलेला होता. सोनीचं बीटामॅक्स १९७५ चं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ चं. आपल्याकडे रंगीत टीव्ही आणि व्हिडिओची लाट आली ती १९८२ च्या एशियाडच्या आसपास. पण गंमत अशी की हे यंत्र आपण रेकॉर्डिंगसाठी फारसं वापरलंच नाही. एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणायचा, तीन-चार पिक्चर लागोपाठ बघायचे आणि सकाळी परत द्यायचा, हा आपला वापर. पुढे घरोघरी जो स्वस्त व्हीसीपी आला, त्याला तर रेकॉर्डचं बटणच नव्हतं.

तिकडे अमेरिकेत याच बटणावरून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं. युनिव्हर्सल स्टुडिओने सोनीवर दावा लावला होता. १७ जानेवारी १९८४ ला ५ विरुद्ध ४ अशा काठावरच्या बहुमताने निकाल लागला : नंतर बघण्यासाठी घरी केलेलं रेकॉर्डिंग ही चोरी नव्हे. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातही कलम ३९ मध्ये स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रक्षेपण टिपून ठेवायला मुभा आहे. म्हणजे कायद्याने हक्क दोन्हीकडे. सवय मात्र एकाच बाजूला लागली.

खरी संधी आपल्याला मिळाली ती केबलच्या काळात. १९९१ च्या आखाती युद्धानंतर गल्लोगल्ली केबलवाले आले, १९९२ मध्ये झी टीव्ही आला, १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि पुढच्याच वर्षी ई टीव्ही मराठी. ही केबल अॅनालॉग होती. इमारतीवरून लोंबत आलेली काळी वायर थेट टीव्हीत खोचली की सगळे चॅनल दिसायचे, मध्ये डबाबिबा काही नाही. तीच वायर संगणकातल्या टीव्ही ट्यूनर कार्डात खोचली तरी चालायचं! लॅमिंग्टन रोडवरून असं कार्ड आणून पेंटियमवर मालिका टिपणारी मंडळी त्या दशकात उपनगरांत होती.

परदेशात याचंच पुढचं रूप तयार होत होतं. १९९९ ला टिवो नावाचा डबा आला. कॅसेटऐवजी हार्ड डिस्क आणि पुढच्या कार्यक्रमांची यादी त्याच्या पोटात. २००२ मध्ये आयझॅक रिचर्ड्सने मिथटीव्ही लिहायला घेतलं आणि लिनक्सवाल्यांना घरच्या घरी टिवो बांधता येऊ लागला.

तो बांधताना आपल्याकडे दोन अडचणी यायच्या. एक, कार्यक्रमांची भरवशाची यादी संगणकाला वाचता येईल अशा रूपात मिळत नसे. मग क्रॉनमध्ये चॅनल आणि वेळ हाताने लिहायची. दुसरी, लोडशेडिंग. २००० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात खाडीपलीकडे ते रोजचंच होतं. इथे फाइलचा प्रकार महत्त्वाचा ठरायचा. एव्हीआय फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली की ती फाइल सहसा उघडत नाही. एमपेगचा प्रवाह तुटेल तिथपर्यंत दिसतो. वीज परत आली की संगणक आपोआप चालू व्हावा ही बायॉसमधली सेटिंग तर डोंबिवलीकरांसाठीच बनवली असावी असं वाटतं :-)

हे सगळं संपलं ते एका तारखेला. केबलचं सक्तीचं डिजिटायझेशन मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ला आणि दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत, म्हणजे कल्याण-डोंबिवलीतही, ३१ मार्च २०१३ ला लागू झालं. चित्र स्वच्छ झालं, चॅनल वाढले. पण प्रक्षेपण आता कुलूपबंद होतं आणि किल्ली सेट टॉप बॉक्समधल्या कार्डात. ट्यूनर कार्डाला वायरीतून काही कळेना. रेकॉर्डिंग हवं असेल तर कंपनीचाच डबा घ्यायचा (टाटा स्कायने तसा डबा २००८ मध्येच आणला होता). टिपलेलं त्या डब्याच्या आतच राहणार, बाहेर काढून आपल्या डिस्कवर ठेवता येणार नाही.

पाठोपाठ स्मार्टफोन आणि ओटीटी आले आणि सहा ते साडेआठचा प्रश्न सुटला. गाडीत उभ्या उभ्या कालचा भाग बघता येतो. माझ्यापुरतं बोलायचं तर दिवा स्टेशन येईपर्यंत एक भाग होतो. म्हणजे 'नंतर बघणं' मिळालं. पण रेकॉर्डिंगचं दुसरंही एक काम होतं : 'जवळ ठेवणं'. ते मात्र राहून गेलं.

ते काम किती मोठं आहे याचे दोन दाखले. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. 'डॉक्टर हू' या मालिकेच्या नव्वदहून जास्त भागांचं चित्र त्यात गेलं. पण त्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण प्रेक्षकांनी तो घरी टेपरेकॉर्डरवर टिपला होता. दुसरा दाखला फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या ग्रंथपाल बाईंचा. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१२ मध्ये वारेपर्यंत त्यांनी घरात रात्रंदिवस बातम्या टिपल्या, सुमारे ७० हजार कॅसेटी. तो साठा पुढे इंटरनेट अर्काइव्हकडे गेला.

टेपा आपल्याकडेही महागच होत्या आणि पुसून पुन्हा वापरल्याही गेल्या. 'गजरा', 'चिमणराव'च्या काळातलं कितीतरी त्यात गेलं. सह्याद्रीने जे उरलं ते यूट्यूबवर आणलंय, पण जे उरलंच नाही ते कुठून आणणार? आणि आपल्याकडे घरी कोणी टिपलेलंही नव्हतं. मला जास्त रुखरुख वाटते ती स्थानिक केबल चॅनलची. ठाणे-कल्याणच्या केबलवाल्यांचे स्वतःचे चॅनल असत. गल्लीतले गणपती, महापालिकेच्या निवडणुका, डोंबिवलीची पाडव्याची स्वागतयात्रा. २००५ च्या २६ जुलैला उल्हास नदी कुठवर आली होती हे आपल्या गल्लीपुरतं नोंदवून ठेवायची ऐपत राष्ट्रीय वाहिनीत नव्हती, त्यांच्यात होती. आपण ट्यूनर कार्ड लावून पिक्चर टिपले. हे टिपायला हवं होतं.

म्हणून हा उद्योग. दूरदर्शनची फ्री डिश (२००४ साली 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने आलेली) विनाशुल्क आहे आणि सह्याद्री तीवर कुलपाविना दिसतं. चित्र आधीच डिजिटल रूपात येतं, त्यामुळे संगणकाला ते दाबून लहान करावं लागत नाही. प्रवाह आला तसा डिस्कवर लिहायचा, बस. म्हणूनच तळहातावर मावणारं यंत्र पुरतं. त्यावर टीव्हीहेडएंड हे मुक्त सॉफ्टवेअर बसवलंय. कार्यक्रमाच्या पाच मिनिटं आधी सुरू आणि दहा मिनिटं नंतर बंद, एवढी सैल वेळ ठेवली की पुरे. सेकंदाला ३ मेगाबिट धरले तर अर्ध्या तासाचा भाग ६७५ एमबी, म्हणजे एका टेराबाइटमध्ये जवळपास दीड हजार भाग. हेच तीन तासांच्या कॅसेटींवर ठेवायचं तर अडीचशे कॅसेटी आणि सहा मीटर लांब फळी लागेल. डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये एवढी भिंत कुणाकडे होती?

सध्या रोजच्या मराठी बातम्या आणि आठवड्याचे दोन कार्यक्रम लावून ठेवलेत. यातलं पन्नास वर्षांनी कुणाला काय लागेल, सांगता येत नाही. 'गजरा' बघणाऱ्यांनाही ते सांगता आलं नसतं.

असो. पुढचा वीकांत दुसऱ्या डिस्कवर प्रत काढायला राखून ठेवलाय.