हवेतील बाष्पाचा लेसरद्वारे वेध

आकाशात बाष्प किती आहे, एवढ्यावरून पावसाचा अंदाज बांधता येत नाही. ते कोणत्या उंचीवर किती आहे, हे कळावे लागते. हे उंचीनुसार मोजमाप जमिनीवरूनच लेसर किरणांच्या साह्याने करणाऱ्या यंत्रणेला 'लायडर' म्हणतात. रडार रेडिओलहरी वापरते, तर लायडर प्रकाश. हवामानाच्या रडारला प्रामुख्याने पावसाचे थेंब आणि हिमकण दिसतात. लायडर मात्र ढग बनण्यापूर्वीचे अदृश्य बाष्पही टिपू शकते. लातूर, नांदेडसारख्या जिल्ह्यांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पावसाळ्यात या भागावरील हवेच्या उभ्या स्तंभातील सारे बाष्प पाण्यात रूपांतरित केले, तर त्याची जाडी साधारण ५० मिलिमीटर भरते. लातूर जिल्ह्याचे ७,१५७ चौरस किलोमीटर क्षेत्र धरल्यास हे पाणी सुमारे साडेबारा टीएमसी होते. म्हणजे त्या गाडीच्या सात लाखांहून अधिक फेऱ्या! तरीही भर पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे कोरडे जातात.

त्याचे कारण बाष्पाच्या मांडणीत आहे. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीवर बरेचसे पाणी सांडून मराठवाड्यात पोहोचतात. नांदेड पूर्वेकडे असल्याने बंगालच्या उपसागरातून सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा लाभ त्याला तुलनेने अधिक मिळतो. पावसाचा खंड पडतो तेव्हा जमिनीलगतची हवा दमट असली, तरी तिच्यावर अनेकदा कोरड्या हवेचा थर पसरलेला असतो. वर चढणाऱ्या ढगात ही कोरडी हवा मिसळते, थेंबांची पुन्हा वाफ होते आणि ढग न बरसताच विरतो.

हा थर शोधण्याचे रूढ साधन म्हणजे फुग्याला बांधून सोडलेले रेडिओसोंड. मात्र ते सर्वसाधारणपणे दिवसातून दोनदा आणि मोजक्या केंद्रांवरूनच सोडले जाते. मधल्या तासांत होणारे बदल त्यातून सुटतात.

लायडर ही उणीव भरून काढते. लेसरचा क्षणिक झोत आकाशात सोडला, की हवेतील रेणू व धूलिकण त्याचा अल्पसा अंश मागे परतवतात. एक किलोमीटर उंचीवरून प्रकाश परतण्यास सुमारे ६.७ मायक्रोसेकंद लागतात. या वेळेवरून उंची ठरते.

बाष्प ओळखण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिली 'विभेदक शोषण' पद्धत. तिच्यात जवळजवळच्या दोन तरंगलांबींचे झोत सोडतात. एक बाष्पात शोषला जातो, दुसरा जवळपास शोषला जात नाही. परतलेल्या प्रकाशातील तफावतीवरून बाष्पाचे प्रमाण निघते. १९६० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ शॉटलंड यांनी माणिक लेसर वापरून ही पद्धत आजमावली. दुसरी पद्धत सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये जाहीर केलेल्या परिणामावर आधारलेली आहे. ३५५ नॅनोमीटरचा अतिनील झोत सोडल्यास नायट्रोजनचे रेणू सुमारे ३८७, तर बाष्पाचे रेणू सुमारे ४०८ नॅनोमीटरचा प्रकाश परतवतात. नायट्रोजनचे हवेतील प्रमाण जवळपास स्थिर असल्याने या दोहोंच्या गुणोत्तरावरून बाष्प मोजता येते.

या तंत्राला मर्यादाही आहेत. दाट ढग लेसरला अडवतात. रामन पद्धतीतील परतीचा प्रकाश अतिशय क्षीण असल्याने दिवसा सूर्यप्रकाशात तो हरवतो. विभेदक पद्धत दिवसाही चालते, पण तिला तरंगलांबी काटेकोरपणे स्थिर ठेवणारा महागडा लेसर लागतो. भारतात लायडर नवे नाही: पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत १९८० च्या दशकापासून त्याद्वारे वातावरणातील सूक्ष्मकणांचा अभ्यास झाला आहे.

मराठवाड्यात या मोजमापाला थेट व्यावहारिक अर्थ आहे. २०१५ च्या दुष्काळात राज्य शासनाने औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथून कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. २०१८ व २०१९ मध्ये पुण्याच्या याच संस्थेने सोलापूर परिसरात ढगांवर शास्त्रीय प्रयोग केले. विमानातून क्षारकण फवारल्याने नवे बाष्प निर्माण होत नाही. असलेल्या ढगातील थेंबांची वाढ तेवढी होते. त्यामुळे ढग टिकेल की विरेल, हे विमान उडण्यापूर्वी कळणे आवश्यक ठरते. लायडर पाऊस पाडू शकत नाही. पण डोक्यावरून वाहून जाणाऱ्या पाण्यापैकी किती पदरात पडण्याजोगे आहे, याचा हिशेब मांडण्यास ते निश्चितच साह्य करू शकते.