डोंग्यावरील वीज



भंडारा शहराजवळ वैनगंगेचा पूल ओलांडला कीं कारधा हें गांव लागतें. येथील घाटावर एका संध्याकाळीं माझा एक जुना विद्यार्थी डोंग्यांत बसून मोटारीच्या बॅटरीला तारा जोडीत होता. हें कशासाठीं, असें विचारतांच तो मोकळेपणानें म्हणाला, "ही जोडी दिव्याची, गुरुजी, आणि त्या दोन तारा पाण्यांत सोडायच्या." त्याच्या या उत्तरांत नावेवरील विजेच्या इतिहासांतील दोन्ही वाटा आल्या होत्या. आज त्यांविषयींच दोन शब्द सांगणार आहें.

पहिली वाट जुनी आहे. १८३८ सालीं याकोबी या शास्त्रज्ञानें सेंट पीटर्सबर्ग येथें नेवा नदीवर बारा-चौदा माणसांची नाव विजेच्या बळावर चालविली. परंतु तिच्या विद्युत्घटांचें ओझें फार होतें. १८५९ सालीं प्लांते या फ्रेंच पंडितानें पुन्हा पुन्हा भारतां येणारा शिशाचा घट सिद्ध केला. आजची मोटारींतील बॅटरी ही त्याचीच वंशज होय. पुढें १८८१ सालीं त्रूव्हे यानें पॅरिसच्या सेन नदीवर एका लहान होडीला सुकाणूसह काढतां-घालतां येणारी विजेची मोटर बसविली. १९४८ सालीं जपानांत ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून मासळीचा ठाव घेणारें यंत्र कोळ्यांच्या हातीं आलें. या सर्वांत वीज तारेंतून जाते, काम करते आणि तारेंतूनच परत येते. म्हणून लहान नावेवर बॅटरी उंच व कोरड्या जागीं घट्ट बांधावी, तिच्या धन टोकालगतच फ्यूज ठेवावा, आणि तांब्याच्या तारेचे सांधे पाणी शिरणार नाहीं असे बंद करावेत, हे नियम झाले.

दुसरी वाट वीज पाण्यांत मोकळी सोडण्याची. आयशाम बॅग्ज यास १८६३ सालीं इंग्लंडमध्यें विजेनें मासे धरण्याच्या युक्तीचें पेटंट मिळालें. एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह असेल तर मासा धन टोकाकडे ओढला जातो. उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहानें त्याचे स्नायू आंखडतात आणि कधीं कधीं पाठीचा कणाहि मोडतो. मासा जितका लांब, तितका धक्का मोठा. म्हणजे अंड्यांनीं भरलेली मोठी मादी प्रथम बळी पडावयाची. कांहीं देशांत शास्त्रज्ञ मोजक्या प्रवाहानें मासे गुंगवून त्यांची गणती करतात व त्यांना जिवंत सोडतात. परंतु व्यापारासाठीं हीच युक्ति वापरण्यास युरोपीय संघानें आपल्या सागरी हद्दींत १ जुलै २०२१ पासून पूर्ण बंदी केली. आपल्याकडे १८९७ च्या मत्स्य कायद्यानें सुरुंग व विष यांस मनाई केली; त्या मूळ कायद्यांत विजेचें नांव नाहीं.

तारेंतली वीजहि सर्वथा निरुपद्रवी नसते. समुद्रांत प्रखर एलईडी दिव्यांनीं मासळी गोळा करण्यास भारत सरकारला नोव्हेंबर २०१७ मध्यें बंदी घालावी लागली. पण डोंग्यावरील लहानसा दिवा जाळें दाखवितो, वाट दाखवितो, इतकेंच.

मीं हें त्या मुलाला सांगितलें, तेव्हां तो म्हणाला, "जाळें रिकामें येतें, गुरुजी." तें खोटें नव्हतें. ज्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजीं झाली, त्याचें पाणी अडल्यापासून येथें वाहत्या नदीचें रूप पालटलें. आजाच्या वेळचें जाळें या तुंबलेल्या पाण्यांत पुरें पडत नाहीं. तरीहि मीं त्याला विचारलें, "जाळ्याचा आस, म्हणजे दोन गांठींमधलें अंतर, तुझ्या आजानें मोठें कां ठेवलें?" "लहान मासा निसटावा म्हणून," तो म्हणाला. "मग तारेला आस कोठें आहे? आणि ओल्या डोंग्यांत बसलेल्या तुला ती ओळखणार आहे काय?"

त्यानें उत्तर दिलें नाहीं. दिव्याची तेवढी जोडी लावून त्यानें डोंगा लोटला. दुसऱ्या दोन तारा त्याच्या पायाशीं गुंडाळलेल्या होत्या. अंधार पडेपर्यंत मी घाटावर उभा होतों. दिवा दूर जातांना दिसत होता.