परकोटाच्या कडेकडेनं

क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकचा तट सुमारे दोन किलोमीटरचा. तो चालून बघायला जगभरातले लोक तिकीट काढून जातात. आपण यवतमाळकर वणीहून वर्धा नदी ओलांडून चंद्रपूरला नेहमी जातो. पण तिथला गोंडराजांचा परकोट गाडीतूनच बघतो.

चला, पायी बघू. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा, असे चार दरवाजे. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे. मुख्य दरवाजांवर हत्तीवर चढलेला सिंह कोरलाय, ते गोंड राजवटीचं चिन्ह. इरई आणि झरपट या नद्यांच्या संगमाजवळ हे नगर वसलं.

१७५१ मध्ये राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, १८५४ मध्ये इंग्रजांकडे. तट उभा राहिला, पण त्यावर झाडंझुडपं माजली. २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी तो साफ करायला घेतला.

एवढं चालायचं कशाला? गोंड म्हटलं की आपल्याला फक्त जंगल आठवतं. त्यांनी नगरं वसवली, राज्य चालवलं, याचा पुरावा या दगडांत आहे. तो ढासळला, तर उद्या आपण मुलांना कशावर बोट ठेवून सांगणार?