आठवायला आधी सर टिकले पाहिजेत

मराठीतला पहिला गद्य ग्रंथ कशावर आहे, माहीत आहे ना? शिष्यांनी सांगितलेल्या आपल्या गुरूच्या आठवणींवर! तेराव्या शतकाच्या शेवटी म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या एकेका शिष्याला गाठून आठवणी गोळा केल्या. गुरू कुठे बसले, काय बोलले, कोणाला काय उत्तर दिलं, सगळं लिहून काढलं. तोच 'लीळाचरित्र'. आणि हे काम झालं ते आपल्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला. म्हणजे आवडत्या सरांच्या आठवणी काढणं ही आपली लय जुनी परंपरा आहे, मंडळी.

पुढे ह्या पोथ्या कित्येक शतकं सांकेतिक लिपीत बंद राहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला. पण पोथी वाचता येणं वेगळं आणि तिच्यापायी आयुष्य घालणं वेगळं. ते आयुष्य घातलं एका मराठीच्या प्राध्यापकाने, डॉ. वि. भि. कोलते यांनी.

कोलते सर बुलडाणा जिल्ह्यातल्या नरवेल गावचे, जन्म 1908 चा. ते पंधरा वर्षांचे झाले तोवर अमरावतीत कॉलेजच नव्हतं. आपल्या भागातल्या पोराला पुढे शिकायचं तर नागपूर, पुणे नाही तर मुंबई. 1923 मध्ये अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघालं, तेच पुढे विदर्भ महाविद्यालय झालं. नागपूर विद्यापीठही त्याच वर्षीचं. मग भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि शेतकऱ्याच्या पोराला कॉलेजची पायरी जवळ आली.

कोलते सरांनी अमरावतीच्या ह्याच विदर्भ महाविद्यालयात मराठी शिकवलं. 1935 ला भास्करभट्ट बोरीकरांवर पुस्तक, 1945 ला 'महानुभाव तत्त्वज्ञान' आणि 'लीळाचरित्र' संपादित होऊन आलं ते 1978 ला. मधल्या काळात ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, 1967 च्या भोपाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पहिल्या पुस्तकापासून लीळाचरित्रापर्यंत 43 वर्षं एकच विषय! एवढी वर्षं एका विषयामागे राहायला माणसाची नोकरी आणि घरची चूल शाबूत असावी लागते, हे आपण विसरतो.

आमच्या कॉलेजात मराठीचे एक सर होते. ते लीळाचरित्र शिकवायचे ते थेट वऱ्हाडीत उतरवून. मागच्या बाकावरचे पोट्टेही कान देऊन ऐकत. तास संपला तरी सर व्हरांड्यात उभे राहून शंका सोडवत, आणि एसटी चुकली तर आम्ही खुशाल पुढच्या गाडीची वाट पाहत असू. आज बातमीत साधं वाक्य लिहिताना सरांचाच आवाज ऐकू येतो. ते तिथे वर्षानुवर्षं होते, म्हणून हे जमलं. माझ्या मोठ्या भावाला त्यांनीच शिकवलं, नंतर मला.

आता आजचं बघा. अनेक कॉलेजांत कायम प्राध्यापक निवृत्त झाला की जागा रिकामीच राहते. काम चालतं तासिका तत्त्वावर, म्हणजे आपल्या भाषेत सीएचबीवर. नेट-सेट, पीएचडी झालेली माणसं तासाच्या हिशेबानं शिकवतात, सुट्टीचा पैसा नाही, दरवर्षी नव्यानं अर्ज. मोझरी-तिवस्याकडून पास काढून अमरावतीला जाणाऱ्या पोरांना विचारा. म्हणतात, "भाऊ, यंदा कोन शिकवून राह्यलं तेच समजत नाही." शिकवणारा यात दोषी नाही. उलट एवढ्यावरही मन लावून शिकवणारे आहेत, त्यांना माझा दंडवत. पण ज्याला पुढच्या जूनची खात्री नाही, त्यानं 43 वर्षांचं काम कोणत्या भरवशावर हाती घ्यावं?

रिद्धपूरला 2024 मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. आनंदच आहे. पण विद्यापीठ म्हणजे पाटी आणि इमारत नव्हे. तिथे आणि आपल्या प्रत्येक कॉलेजात कायम नेमणुका कधी होणार, हे मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं पाहिजे. सातशे वर्षांपूर्वी ह्याच मातीत शिष्यांना गुरूचा शब्द न् शब्द आठवत होता. आजच्या पोरांना सरांचं नाव तरी आठवलं पाहिजे की नाही?

तुमचे कोणते सर, कोणत्या मॅडम अजून आठवतात? त्यांचा एखादा तास खाली लिहा, आणि तुमच्या कॉलेजात आज त्या जागेवर कोण आहे, तेही लिहा.