हलक्या कराचा देश

गुढियारी हा रायपूर शहराचा रेल्वे रुळांपलीकडचा भाग. पहाडी चौकाकडून बाजाराकडे वळले की किराणा मालाच्या घाऊक दुकानांची रांग लागते. पोत्यांच्या थप्प्या, हमालांच्या हाका आणि मिरची-हळदीचा दर्प यांतूनच आम्हां नोकरदारांची घरी जाण्याची वाट आहे. याच वस्तीतील माझ्या बिऱ्हाडी गेल्या महिन्यात एका रविवारी कचेरीतील एक ज्येष्ठ स्नेही आले. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्यांचा मुलगा संगणकावरची नोकरी घरबसल्या करतो. कंपनी परदेशी, पगारही परदेशी चलनात. त्याने आता पोर्तुगालमध्ये जाऊन स्थायिक होण्याचा विचार चालविला आहे. कागदावर दोन बाजूंना दोन आकडेमोडी होत्या. डावीकडे येथील खर्च व प्राप्तिकर, उजवीकडे तेथील.

ते म्हणाले, "तुम्ही इतिहासाचे पदवीधर. केवळ खर्च कमी आणि कर हलका म्हणून आपली माणसे देश सोडून कुठे गेली आहेत काय?"

मी म्हणालो, "अहो, गेली आहेत तर! आपण दोघे या क्षणी जिथे बसलो आहोत, तिथेच ती आली."

त्यांना ते विनोदाचे वाटले. परंतु मी विनोद केला नव्हता, आणि त्या दिवशी अर्धवट राहिलेले उत्तर पुरे करण्यासाठीच हे टिपण लिहीत आहे. आपल्यासारख्या, पगार हाती पडण्यापूर्वीच ज्यांचा कर कापला जातो त्या वर्गाला 'हलक्या कराचा देश' या शब्दांची भुरळ पडावी, यात नवल नाही. तथापि कोणताही देश कुणासाठी स्वस्त असतो आणि कुणाच्या जिवावर, हा प्रश्न इतिहासाला विचारल्यावाचून त्या भुरळीची किंमत कळत नाही.

१७४१ साली रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर हे सैन्य घेऊन रतनपुरावर चालून आले, आणि शतकानुशतके चालत आलेले हैहयांचे राज्य फारसा प्रतिकार न होता नमले. रायपूरची हैहय शाखा आणखी काही वर्षे मांडलिकीत टिकली; १७५७ मध्ये तिचाही अधिकार गेला आणि शेवटच्या राजाच्या वंशजाच्या हाती उपजीविकेपुरती काही गावे उरली. रघूजी १७५५ मध्ये वारले. त्यांच्या मुलांत वाटणीवरून कलह झाला, आणि तो मिटताना चांदा मुधोजींकडे, तर छत्तीसगड बिंबाजींकडे आले. १७५८ पासून १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत बिंबाजी रतनपुरास राहिले. तेथील रामटेकडीवरचे राममंदिर त्यांचेच. त्यांच्याबरोबर मराठी कारभार आला, मोडी लिपी आली आणि दसऱ्याला सोने वाटण्याची आपली चाल येथे रुजली.

राजाबरोबर नुसते सैन्य येत नाही. कारकून येतो, पुराणिक येतो, सावकारही येतो. नागपूर व वऱ्हाडाकडच्या कुटुंबांना या मुलखाचे आकर्षण काय होते? घाटावरची माणसे याला खलौटी, म्हणजे खालचा मुलूख म्हणत. पाऊस भरवशाचा, भात भरपूर, जमीन अमाप आणि वस्ती विरळ. शिवाय ज्याच्यावर सरकारची मर्जी, त्याला गाव माफीत मिळे. माफीचे गाव म्हणजे ज्याचा सारा सरकारात भरावा लागत नाही असे गाव. देवस्थानांना, विद्वान ब्राह्मणांना, चाकरी केलेल्या सरदार-कारकुनांना अशी गावे मिळत. आजच्या भाषेत बोलायचे तर नवागतांसाठी ती करसवलत होती.

आता याच व्यवहाराची दुसरी बाजू पाहावी. गाव माफीत गेले म्हणून तेथील शेतकऱ्याचा सारा माफ झाला, असे नव्हे. तो पूर्वीइतकाच देत राहिला. फक्त घेणारा बदलला. छत्तीसगडातील खेड्यांत त्या काळी साऱ्याची फाळणी नांगरांवर होई. कुणाच्या वाट्याला सदैव चांगली आणि कुणाच्या वाट्याला सदैव भिकार जमीन येऊन भार विषम होऊ नये, म्हणून काही वर्षांनी गावातील शेतांची नव्याने वाटणी करीत. या चालीला लाखाबाटा म्हणत. ज्यांना आपण मागासलेले समजत आलो त्या लोकांनी कराचा बोजा सारखा वाटण्यासाठी स्वतःची शेतेसुद्धा अदलाबदल करावी, आणि आपण तेथे जाऊन बोजातून वगळले जाण्याची सनद मिळवावी, हा विरोध मला अलीकडे फार बोचतो.

बिंबाजींच्या पश्चात व्यंकोजी भोसल्यांनी नागपुरास राहूनच सुभेदारांकरवी कारभार चालविला. विठ्ठलराव दिनकर या सुभेदाराने १७९० च्या सुमारास जुन्या गढांच्या जागी परगणे पाडले. परगण्यावर कमाविसदार, त्याच्या हाताखाली फडणवीस, वऱ्हाडपांडे असे अधिकारी बसविले. १७९५ मध्ये येथून गेलेल्या कॅप्टन ब्लंट या इंग्रज प्रवाशाने रायपुरात व्यापारी व सधन माणसे पुष्कळ असल्याचे नमूद केले आहे. म्हणजे शहर समृद्ध होते. परंतु सुभेदाराची मुदत अनिश्चित, नागपूरची मागणी मात्र निश्चित. ज्याला उद्या जायचे आहे तो आज गोळा करतो. ती वसुली शेवटी कुणाच्या कोठारातून निघत असेल, हे सांगण्याची गरज नाही.

आणि ती सुप्रसिद्ध स्वस्ताई? तिचे कारणही समजून घेतले पाहिजे. भात पिके, पण बाहेर जाण्यास वाट नव्हती. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य नेत आणि मीठ आणीत. बैल नेईल तितकाच व्यापार. त्यामुळे नागपुराहून रोकड घेऊन आलेल्याला तांदूळ फुकटासारखा वाटे, आणि तोच तांदूळ पिकविणाऱ्याला चिमूटभर मीठ महाग पडे. १८८८ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे रायपुरास पोचली, धान्याला दूरचे गिऱ्हाईक मिळाले आणि ही स्वस्ताई ओसरू लागली. रुळांच्या काठावर आज गुढियारीची जी घाऊक बाजारपेठ उभी आहे, ती त्याच स्थित्यंतराची वारसदार आहे. मुलूख स्वस्त असणे म्हणजे पुष्कळदा एवढेच, की तेथील माणसाच्या श्रमाला अजून योग्य किंमत आलेली नाही.

या हकिकतीशी माझा संबंध केवळ वाचनाचा नाही. आमच्या घराण्यात अशी समजूत आहे, की मूळ पुरुष भोसल्यांच्या चाकरीत इकडे आला आणि त्याला महानदीकाठचे एक लहानसे गाव माफीत मिळाले. आजोबांच्या पेटीत मोडीतला एक जीर्ण कागद होता. वडील तो दसऱ्याला पाटीपुस्तकांबरोबर पूजेत ठेवीत. वाचता मात्र कुणालाच येत नसे. लहानपणी मला त्या कागदाचा अभिमान वाटे. पुढे एकदा आमच्याच कचेरीतील एका छत्तीसगडी सहकाऱ्याला मी तो मोठ्या हौसेने दाखविला. त्याने तो आदराने न्याहाळला आणि अगदी सहज विचारले, "यात गावाचे नाव असेल, तुमच्या पूर्वजांचे असेल. नांगर धरणाऱ्यांचे एखादे नाव आहे काय?" त्याच्या स्वरात राग नव्हता; म्हणूनच तो प्रश्न अजून माझ्याजवळ राहिला आहे.

काळाने तो हिशेब आपल्या पद्धतीने पुरा केला. १८१८ मध्ये इंग्रजांनी देखरेख हाती घेतली, अॅग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले. १८३० मध्ये मुलूख पुन्हा भोसल्यांकडे गेला, आणि तिसरे रघूजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारल्यावर १८५४ मध्ये कायमचा खालसा झाला. माफीच्या सनदा तपासल्या गेल्या. काही टिकल्या, काही गेल्या. पुढे मालगुजारीही १९५१ मध्ये संपली. सनदवाल्यांची नातवंडे कारकून झाली, आणि प्रांताच्या कचेऱ्या, रेल्वे, त्यानंतर भिलाईचा पोलाद कारखाना यांच्यासाठी येणाऱ्या नव्या मराठी नोकरदारांत मिसळून गेली. हा दुसरा लोंढा हलक्या करासाठी आला नव्हता. तो बदलीच्या हुकमाने आला, सर्वांसारखाच कर भरीत राहिला, आणि माझ्या मते याच मुलखाचा अधिक खरा रहिवासी ठरला.

आता पोर्तुगालकडे वळू. तेथील सरकारने २००९ मध्ये एक करयोजना सुरू केली. मागील पाच वर्षे जो पोर्तुगालचा रहिवासी नव्हता अशा नवागताला दहा वर्षे सवलत; ठरावीक व्यवसायांच्या तेथील मिळकतीवर शेकडा वीस इतकाच कर, आणि परदेशातून येणाऱ्या निवृत्तिवेतनावर २०२० पर्यंत काहीच नाही, त्यानंतर नव्याने येणाऱ्यांना शेकडा दहा. त्याच देशात जन्मून तेथेच राबणाऱ्याच्या कराचा वरचा दर मात्र शेकडा अठ्ठेचाळीस. उत्तर युरोपातील पेन्शनर लिस्बनच्या उन्हात येऊन राहू लागले. आपल्या निवृत्तांवर कुठेच कर बसत नाही हे न रुचून फिनलंडने पोर्तुगालशी असलेला करविषयक करार मोडला, तो २०१९ पासून. स्वीडनने २०२२ पासून. इकडे लिस्बनमध्ये घरभाडी इतकी चढली, की २०२३ मध्ये घरांच्या प्रश्नावर मोठे मोर्चे निघाले. २०२४ पासून ती जुनी सवलत नवागतांना बंद झाली. तिच्या जागी संशोधन व काही विशेष व्यवसायांपुरती मर्यादित योजना आली. दूर बसून परदेशी पगारावर काम करणाऱ्यांसाठी २०२२ च्या अखेरीस निघालेला परवाना चालू आहे. परंतु त्यासाठी तेथील किमान वेतनाच्या चौपट मिळकत दाखवावी लागते. माझ्या स्नेह्यांच्या कागदावरील उजवी बाजू बरीचशी जुन्या सवलतीवर बेतलेली होती.

आपल्या शेजारच्या गोव्याचे उदाहरण याहून बोलके आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्या गोमंतकीयांना पोर्तुगालचा कायदा आपले नागरिक मानतो; त्यांच्या मुलानातवंडांनाही लिस्बनला जन्मनोंद करून तो हक्क घेता येतो. हजारोंनी घेतला. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे त्याबरोबर भारतीय नागरिकत्व गेले, आणि मतदानाचा हक्कही. इतके देऊन ही माणसे पोर्तुगालमध्ये राहिली काय? बहुतांश नाही. पोर्तुगीज पारपत्राच्या बळावर ती इंग्लंडात गेली, स्विंडनसारख्या गावांतील कारखान्यांत व गुदामांत कामाला लागली; ३१ डिसेंबर २०२० नंतर तो मुक्त मार्गही बंद झाला. ज्याला स्वतःच्या श्रमावर जगायचे आहे, तो हलका कर पाहत नाही, चांगली मजुरी पाहतो. हलक्या कराचा देश त्यालाच लाभतो, ज्याची मिळकत दुसरीकडे पिकते. माफीदाराचे गाव आणि परदेशी कंपनीचा पगार यांत अडीचशे वर्षांचे अंतर असेल. जात मात्र एकच.

याचा अर्थ कुणी जाऊच नये, असा नाही. आपण सर्वच कुठून ना कुठून आलेले, आणि माणसाने घराबाहेर पडल्यावाचून मराठी मुलूख रायपुरापर्यंत पोचला नसता. परंतु जाणाऱ्याने दोन बाजूंचा कागद करताना तिसरी बाजूही मांडावी. आपल्या शेजाऱ्याला तेथे काय मिळते, तो किती कर भरतो आणि आपल्या येण्याने त्याचे भाडे किती वाढेल? ज्या रस्त्यावरून आपण चालणार, ज्या इस्पितळात आपण पडणार, त्याचा खर्च कुणाच्या पगारातून कापला जातो?

हे सारे मी स्नेह्यांना पुढच्या रविवारी सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी तो कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने 'शेजारी' असा एकच शब्द लिहिला आणि म्हणाले, "हा रकाना मुलालाच भरू दे." बाहेर बाजारात रात्रीच्या ट्रकमध्ये पोती चढत होती. मी पेटीतून मोडीचा तो कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. आता मोडी शिकण्याचे मी मनावर घेतले आहे. नांगर धरणाऱ्यांचे नाव त्यात नसणार, हे मला ठाऊक आहे. तरी एकदा वाचून खात्री करावी, असे वाटते.