बॅरिस्टर नाथ पै आणि घटनादुरुस्तीचा वाद

कायद्याच्या पंडिताने न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य मानावा, ही सर्वसाधारण अपेक्षा असते. परंतु बॅरिस्टर नाथ पै यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयाने संसदेचा अधिकार खुंटला असे पाहिले आणि तो परत मिळविण्यासाठी लोकसभेत विधेयक मांडले. त्यांच्या संसदीय जीवनातील हे प्रकरण आजही मननीय आहे.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ले येथे झाला. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी कारावास भोगला; पुढे लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले. परंतु वकिलीत धन मिळविण्यापेक्षा लोककार्याची ओढ त्यांना अधिक होती. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेवर पाठविले. प्रजासमाजवादी पक्षाचे हे सभासद विरोधी बाकांवर बसत. तथापि त्यांचे भाषण ऐकण्यास सत्ताधारी पक्षाचे सभासदही उत्सुक असत.

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला. जालंधरच्या एका कुटुंबाची जमीन पंजाबच्या कमाल धारणेच्या कायद्यात सापडली होती. त्यातून हा वाद उद्भवला. अकरा न्यायाधीशांपैकी सहांनी असा निर्णय दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेस करता येणार नाही. १९५१ व १९६४ मध्ये याच न्यायालयाने नेमके उलट मत दिले होते.

अवघ्या काही आठवड्यांत नाथ पै यांनी खासगी विधेयक सादर केले. मूलभूत हक्कांसह घटनेचे कोणतेही कलम बदलण्याचा अधिकार संसदेस असावा, हा त्याचा गाभा. सरकारपक्षाचे नसूनही त्यांनी हा पुढाकार घेतला, यातच त्यांची निष्ठा दिसते. टीकाकारांची भीतीही पोकळ नव्हती : आज जमिनीसाठी मिळालेला अधिकार उद्या एखादे बहुमत नागरिकाच्या वाणीवर चालविणार नाही कशावरून? विधेयक संयुक्त समितीकडे गेले, पुष्कळ चर्चा झाली. पण ते मंजूर होण्यापूर्वीच डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, नाथ पै यांचे निधन झाले.

त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने त्यांचा मुद्दा संसदेने स्वीकारला. पुढचे वळण मात्र मठमंदिरांशी नाते असलेल्या वाचकांस विशेष उद्‌बोधक वाटेल. कासारगोडनजीकच्या एडनीर मठाचे अधिपती केशवानंद भारती यांनी केरळच्या जमीनसुधारणा कायद्याविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले. २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायाधीशांच्या पीठाने, सात विरुद्ध सहा मतांनी, निर्णय दिला : संसद कोणतेही कलम बदलू शकते, परंतु घटनेच्या मूलभूत चौकटीस धक्का लावू शकत नाही.

म्हणजे नाथ पै यांचे अर्धे म्हणणे मान्य झाले आणि टीकाकारांची अर्धी भीतीही. दोनच वर्षांनी आणीबाणी आली आणि त्या मर्यादेचे मोल देशास कळले. नाथ पै यांचा जनतेवरील विश्वास थोर होता. पण जनतेच्या नावाने चालणाऱ्या सत्तेसही कुंपण लागते, हा धडा त्यांच्या पश्चात मिळाला. तरी जो प्रश्न सरकारने विचारावयास हवा होता, तो विरोधी बाकावरील एका बॅरिस्टराने विचारला, हे श्रेय त्यांचेच.