पेशव्यांचा गेंडा आणि गंगाराम तांबट

उत्तर पेशवाईंतील पुणें दरबाराचीं चित्रें म्हटलीं कीं जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचें नांव प्रथम निघतें. सवाई माधवराव व नाना फडणीस यांचें त्यानें रंगविलेलें चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटींत आहे, आणि आपल्याकडील इतिहासग्रंथांतून त्याच्या प्रती अनेकदां छापल्या गेल्या आहेत. त्याच वेल्सच्या शेजारीं बसून कागदावर रेघ ओढणारा एक मराठी माणूस मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो. त्याचें नांव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. घराणें आडनांवाप्रमाणें तांब्यापितळेच्या धंद्याचें. त्याच्याविषयीं जें कळतें तें मुख्यतः त्यानें रेखाटलेल्या कागदांवरून. आणि त्या कागदांच्या तारखा ओळीनें लावल्या तर एक रूढ समजूत टिकत नाहीं.

समजूत अशी कीं, वेल्सनें शनिवारवाड्यांत चित्रशाळा चालविली आणि तेथें शिकून गंगाराम चित्रकार झाला. शाळा होती, हें खरें. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याची खटपट व सवाई माधवरावांचा आश्रय यांवर ती उभी राहिली, आणि गंगारामानें वेल्सच्या हाताखालीं काम केलें हेंहि खरें. परंतु वेल्स मुंबईस आला १७९१ सालीं आणि पुण्यास १७९२ सालीं. पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें गंगारामानें काढलेलें चित्र आहे नोव्हेंबर १७९० चें. गुरु गांवांत येण्यापूर्वींच शिष्याचा हात चालूं लागला होता. वेल्सपासून त्यानें कांहीं घेतलें नसेल असें नाहीं. पण पाहून काढण्याचा नाद त्याला वेल्सनें लावला, हें म्हणतां येत नाहीं.

या पाहून काढण्याचें मोल समजण्यासाठीं युरोपांतील एका गेंड्याची आठवण करावी. जर्मन चित्रकार ड्यूरर यानें १५१५ सालीं लांकडी ठशावर गेंडा कोरला. ते जनावर त्यानें डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें. लिस्बनहून आलेलें वर्णन आणि एक कच्चें टिपण एवढ्यावर त्यानें काम भागविलें. त्यामुळें अंगावर चिलखताचे पत्रे आले आणि मानेमागें एक जादा शिंगहि उगवलें! अडीचशें वर्षें युरोपांतील लोक तोच गेंडा खरा मानीत राहिले. गंगारामाच्या पुढें जनावर उभें होतें.

आपल्याकडील जुन्या चिताऱ्यांची रीतहि निराळी होती. खारीच्या केसांची कुंचली, काजळाची शाई, आणि घरांत पिढ्यान् पिढ्या जपलेले चरबे, ही त्यांची पुंजी. चरबा म्हणजे एकदां साधलेल्या चित्राच्या रेघा पातळ कातड्यावर उतरून, त्यांवर बारीक टोंचे मारून ठेवलेला नमुना. त्यावरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी फिरविली कीं खालच्या कागदावर आकृति उमटे. देवदेवता व राजेरजवाडे या वाटेनें उत्तम साधत. परंतु शिकारखान्यांत नव्यानें आलेल्या जनावराचा चरबा कोणाच्या घरीं असणार? मॅलेटला हवी होती ती नेमकी अशीच चित्रें. वकिलाचें कामच मुळीं दिसेल तें कळविण्याचें. त्यांत निव्वळ कलाप्रेम होतें असें मानावयास नको.

वेरूळच्या लेण्यांची हकीकतहि तशीच. डिसेंबर १७९४ मध्यें मॅलेटनें गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यास या लेण्यांचें वर्णन लिहून पाठविलें, तें 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडांत प्रसिद्ध झालें. त्या वर्णनासोबतचीं चित्रें गंगारामाचीं होतीं. वेल्स वेरूळास गेला तो त्यानंतर, १७९५ सालीं. म्हणजे येथेंहि आधीं पाऊल पडलें तें गंगारामाचें. दौलताबाद ओलांडून वेरूळकडे जातांना कागझीपुरा लागतो. हातकागदासाठीं तें गांव कित्येक शतकें प्रसिद्ध होतें. तेथून पुढें गेलें कीं कैलास. २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद अशा चौकांत, वरून खालीं खोदून काढलेलें अखंड देऊळ! तिन्ही बाजूंस कडा असल्यामुळें सबंध देऊळ एका नजरेंत मावेल इतकें मागें सरतां येत नाहीं. एका जागीं बसून हें काम होणारें नव्हे. बैठक हलवावी, तुकड्यातुकड्यानें उतरून घ्यावें, मापें जुळवावीं, पुन्हां बसावें. ज्यानें कधीं भर चौकांत बसून देवळाचें शिखर काढून पाहिलें असेल, त्यास यांतले कष्ट सांगावयास नकोत.

१७९५ हें वर्ष मराठ्यांच्या इतिहासांत विलक्षण. मार्चांत खर्ड्याचा विजय, ऑक्टोबरांत सवाई माधवरावांचा मृत्यु. आणि नोव्हेंबरांत साष्टींत वेल्सहि वारला. आश्रयदाता आणि गुरु एका महिन्याच्या आंत गेले. वेल्सचें अपुरें काम टॉमस डॅनियल यानें इंग्लंडांत हातीं घेतलें. वेरूळच्या चोवीस चित्रांचा मोठा ग्रंथ १८०३ सालीं निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर वेल्सचें नांव आहे, डॅनियलचें आहे. मॅलेट व पेशवे यांच्यांतील १७९० च्या तहाच्या दरबाराचें चित्र डॅनियलनें १८०५ सालीं पुरें केलें, तेंहि दुसऱ्यांनीं पुण्यांत केलेल्या टिपणांच्या आधारानें. दरबारांत तो स्वतः कधीं बसला नव्हता.

गंगारामाचे कागद समुद्रापार गेले. आज त्यांतील पुष्कळसे अमेरिकेंत न्यू हेवन येथें, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहांत, पॉल मेलन यांच्या संग्रहाबरोबर ठेवलेले आहेत, आणि तेथील नोंदींत त्यांपुढें गंगाराम चिंतामण तांबट हेंच नांव लिहिलेलें आहे. पुण्याचा गेंडाहि तेथेंच आहे.